बिघाडाचे कारण शोधून देणारे दुकान : फोंडा येथील संगणक दुरुस्ती सेवेचा अनुभव

गोव्यातील फोंडा बाजारातील या दुकानात मी माझा डेस्कटॉप संगणक २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात, चवथ (गणेशचतुर्थी) अवघी अडीच आठवड्यांवर आलेली असताना, दुरुस्तीसाठी नेला होता. काम झाल्याच्या आनंदात त्याच दिवशी चार ओळी लिहिता आल्या असत्या. परंतु दुरुस्ती टिकते की नाही हे पाहिल्याशिवाय लिहू नये असे मला वाटले. आता वर्षाहून अधिक काळ तो संगणक रोज आठ-दहा तास बिनतक्रार चालल्यानंतर हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

माझा व्यवसाय डीटीपीचा, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पाने जुळवण्याचा, आहे. म्हार्दोळजवळ घरातूनच मी देवस्थानांच्या जत्रोत्सवाच्या पत्रिका, भजनी सप्ताहाची कार्यक्रमपत्रके आणि गावोगावच्या हौशी मंडळांच्या मराठी नाटकांची हस्तपत्रके तयार करते. चवथीपासून जत्रांच्या हंगामापर्यंत गोव्यातील गावांत किती नाटके होतात हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको, आणि त्यामुळे ऑगस्टच्या उत्तरार्धात माझा संगणक बंद पडणे म्हणजे काय, हेही त्यांच्या लक्षात येईल. मी डेबियन ही लिनक्स कुळातील मुक्त संगणकप्रणाली, तिच्यावर केडीई या प्रकल्पाचा प्लाझ्मा हा डेस्कटॉप (पडद्यावरील पट्टी, खिडक्या वगैरे दाखवणारा भाग) आणि पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस वापरते. स्क्रायबसच्या जुन्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरे तुटत असत, १.५.३ या आवृत्तीपासून ती नीट जुळू लागली, आणि तेव्हापासून मी युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची प्रमाण अक्षर-संकेतपद्धती) सोडून दुसरीकडे वळलेले नाही.

डेबियन ११ साठीचा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑगस्ट २०२४ रोजी संपणार होता. म्हणून त्याच्या काही दिवस आधी मी स्वतःच सूचना वाचून संगणक डेबियन १२ वर नेला. प्रतिष्ठापना कोणतीही चूक न दाखवता पूर्ण झाली. संगणक पुन्हा सुरू केल्यावर पासवर्ड विचारणारा पडदा नेहमीसारखा आला, मी पासवर्ड दिला, आणि नंतर काळ्या पडद्यावर केवळ माउसचा बाण उरला. मधूनच खालची पट्टी क्षणभर उमटे आणि लगेच नाहीशी होई. स्क्रायबस उघडत नव्हता, फाइली दाखवणारी खिडकी उघडत नव्हती. बिघाडाची माहिती गोळा करणारी केडीईची खिडकीसुद्धा उघडता उघडता बंद होत होती.

आधी मी हा संगणक दुसऱ्या एका ठिकाणी नेला होता. तेथे तो दहा मिनिटे पाहून मला सांगण्यात आले की पावसाळ्याच्या दमट हवेने मदरबोर्डवरील ग्राफिक्सचा भाग खराब झाला आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवावे लागेल, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर सर्व पुसून नव्याने प्रणाली टाकावी लागेल. आपल्याकडील हवेने यंत्रे गंजतात हे खरे आहे, मी स्वतः त्यापायी एक प्रिंटर गमावला आहे. तथापि जो बिघाड अद्ययावतीकरणाच्या दिवशी, अद्ययावतीकरण संपल्यानंतरच्या पहिल्याच मिनिटाला सुरू होतो, त्याचा दोष हवेला देण्यापूर्वी काही तरी तपासायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे होते. ते ऐकून घेतले गेले नाही. मी संगणक उचलून परत आणला.

फोंड्याच्या या दुकानात पहिला फरक जाणवला तो प्रश्नांत. येथील तंत्रज्ञांनी संगणकाला हात लावण्यापूर्वी मला तीन गोष्टी विचारल्या: नेमके काय बदलले, केव्हा बदलले, आणि अजून काय काय व्यवस्थित चालते आहे. तिसरा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. पुढे लक्षात आले की त्यांची सारी तपासणी त्या तिसऱ्या प्रश्नावरच उभी होती. मी घाईघाईने "चवथीचे काम आहे" असे सांगू लागले तेव्हा ते शांतपणे "मातशें रावात, ताई" (जरा थांबा, ताई) एवढेच म्हणाले आणि प्रथम माझ्या संपूर्ण डिस्कची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर काढायला बसले. त्यात तीन तास गेले. त्या वेळी मला ते तीन तास जड गेले, पण ज्या डिस्कवर आठ वर्षांच्या पत्रिका आणि स्मरणिका आहेत तिला प्रत काढल्याशिवाय हात न लावणारा माणूस मला आज विश्वासाचा वाटतो.

तपासणी कशी झाली ते मी थोडे तपशिलाने सांगते, कारण मी शेजारी बसून ती पाहिली, आणि ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांना तिचा उपयोग होण्यासारखा आहे.

त्यांचा पहिला संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर (ग्राफिक्सचा भाग प्रणालीला जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमवर) होता, आणि तो निराधार नव्हता. लिनक्सवर पडद्यावरील चित्रे रेखाटण्याचे काम बहुतांश संगणकांत मेसा ही लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम सामायिकपणे वापरतात असा तयार संच) करते. माझा प्रोसेसर इंटेलचा, चौथ्या पिढीचा, म्हणजे बराच जुना आहे. त्याच्यासाठी मेसामध्ये पूर्वी आय९६५ नावाचा ड्रायव्हर होता; २०२२ मध्ये मेसा २२.० मधून तो मुख्य शाखेतून काढण्यात आला आणि असे जुने इंटेल संगणक क्रोकस या नव्या ड्रायव्हरवर गेले. डेबियन ११ मध्ये मेसा २०.३ होती आणि डेबियन १२ मध्ये ती २२.३ झाली, म्हणजे अद्ययावतीकरणात माझ्या संगणकाचा ड्रायव्हर मला नकळत बदलला होता. आरोपी म्हणून उभे करावे असेच हे लक्षण होते, आणि दुसरा एखादा येथेच थांबून नवे कार्ड सुचवून मोकळा झाला असता.

त्यांनी मात्र ते पडताळून पाहिले. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळांनी अक्षरी कन्सोलमध्ये (केवळ आज्ञा टंकित करण्याच्या पडद्यावर) जाऊन त्यांनी फक्त एक टर्मिनल, म्हणजे आज्ञा देण्याची खिडकी, उघडणारे साधे सत्र सुरू केले. तेथून त्रिमितीय चित्रांची चाचणी चालवली, ती व्यवस्थित चालली. मेसाला ग्राफिक्सचा भाग बाजूला ठेवून सगळे रेखाटन प्रोसेसरकडूनच करवून घेण्याची सक्ती करता येते. तशी सक्ती करून त्यांनी केडीईचा साधा मजकूर-संपादक उघडला, तर तो पूर्वीसारखाच पडला. ड्रायव्हर वापरातच नसताना बिघाड तसाच राहतो, तेव्हा तो ड्रायव्हरचा नाही, हे त्यांनी मला दोन वाक्यांत समजावले. दमट हवेचा आणि मदरबोर्डचा प्रश्नही तेथेच निकालात निघाला. तरीही, आधीच्या ठिकाणी रॅमविषयी शंका घेतली गेली होती म्हणून त्यांनी रात्रभर मेमटेस्ट चालवून रॅमची एक पूर्ण फेरी तपासून घेतली. तीत काहीच दोष निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या साध्या टर्मिनलमधून एकेक प्रोग्रॅम उघडून कागदावर दोन रकाने आखले. इंकस्केप उघडला, गिम्प उघडला. हे दोन्ही खिडक्या आणि बटणे रेखाटणाऱ्या जीटीके या लायब्ररीवर बांधलेले आहेत. स्क्रायबस पडला, पीडीएफ दाखवणारा ओक्युलर पडला, फाइलींची खिडकी पडली. हे तिन्ही क्यूटी या तशाच दुसऱ्या लायब्ररीवर बांधलेले आहेत, आणि संपूर्ण प्लाझ्मा डेस्कटॉपही तिच्यावरच उभा आहे. लिब्रेऑफिसची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटली: प्लाझ्मामध्ये तो केडीईच्या मार्गाने, म्हणजे क्यूटीतून, खिडक्या रेखाटतो, तेव्हा तो पडत होता, तोच लिब्रेऑफिस जीटीकेच्या मार्गाने उघडायला सांगितल्यावर माझी जत्रोत्सवाची पत्रिका समोर आली. प्रोग्रॅम तोच, फाइल तीच आणि केवळ मधली लायब्ररी निराळी, हे पाहिल्यावर मला त्या विषयातले काही ठाऊक नसतानाही दोष कोणत्या दिशेला आहे ते दिसू लागले.

क्यूटी डेबियन ११ मध्ये ५.१५.२ होती, डेबियन १२ मध्ये ती ५.१५.८ झाली. मग नवी क्यूटीच सदोष आहे का? येथे त्यांनी जी गोष्ट टिपली तिचे मला आजही कौतुक वाटते. पासवर्ड विचारणारा पडदा दाखवणारा एसडीडीएम हा प्रोग्रॅमही क्यूटीवरच चालतो, आणि तो एकदाही पडला नव्हता. म्हणजे लायब्ररी ठीक आहे. पासवर्ड दिल्यानंतर सत्र सुरू होताना जे काही तिला येऊन चिकटते, त्यात दोष आहे. पाठोपाठ त्यांनी संगणकावर एक नवे, कोरे खाते तयार करून त्यातून प्रवेश केला. तेथेही काळा पडदाच आला. त्यामुळे माझ्या स्वतःच्या जुन्या सेटिंग्ज निर्दोष ठरल्या आणि शोध संपूर्ण संगणकाला लागू असलेल्या गोष्टींपुरता उरला. अशा वेळी बहुतेक जण आधी वापरकर्त्याच्या फोल्डरमधील सेटिंग्ज पुसून पाहतात. त्याने माझी वर्षानुवर्षांची बसवलेली घडी मोडली असती आणि हाती काही लागले नसते.

यानंतरचे काम नोंदी वाचण्याचे होते. प्रणालीच्या जर्नलमध्ये प्रत्येक पडझडीच्या आधी एकच ओळ पुनःपुन्हा आलेली होती, आणि तिचा अर्थ असा होता की ५.१५.२ ही क्यूटी आणि ५.१५.८ ही क्यूटी एकत्र मिसळता येत नाहीत. म्हणजे प्रोग्रॅम अपघाताने कोसळत नव्हते. विसंगती आढळताच क्यूटी स्वतःहून त्यांना थांबवत होती. संगणकावर ५.१५.२ तर उरलेलीच नव्हती, मग ती मिसळत होती कोठून? क्यूटीला आपण कोणकोणते प्लगइन (प्रोग्रॅमला जोडले जाणारे पूरक भाग) उचलतो आहोत ते छापून दाखवायला सांगता येते. तसे सांगून त्यांनी मजकूर-संपादक पुन्हा उघडला, आणि पडण्यापूर्वीच्या शेवटच्या ओळीत ऑप्ट नावाच्या फोल्डरमधील एका प्लगइनचा पत्ता छापून आला. ते प्लगइन होते मराठी टंकनाचे.

उलगडा झाला तो असा. दोन-अडीच वर्षांपूर्वी मला हा संगणक तयार करून देणाऱ्या माणसाने फोनेटिक पद्धतीने (रोमन अक्षरांच्या उच्चारावरून) मराठी लिहिता यावे म्हणून फायटिक्स ही टंकनप्रणाली बसवली होती, परंतु डेबियनच्या भांडारातून (तिच्या अधिकृत, तयार प्रोग्रॅमच्या संग्रहातून) न घेता मूळ संहितेपासून स्वतः बांधून ऑप्टमध्ये ठेवली होती, आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी ती क्यूटीला जोडणारी एक छोटी स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी) लिहून ठेवली होती. क्यूटीचा जो भाग सर्वांसाठी खुला आहे त्याच्याबाबत एका मालिकेतील जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालतील याची हमी असते. तिचा जो खासगी, आतला भाग आहे त्याच्याबाबत अशी हमी नसते, आणि टंकनाच्या प्लगइनला नेमका तो आतला भाग लागतो. त्यामुळे क्यूटीची आवृत्ती बदलली की असे प्लगइन पुन्हा बांधावे लागते. डेबियनच्या भांडारातील अशा प्रत्येक पॅकेजवर ते क्यूटीच्या कोणत्या अंतर्गत आवृत्तीसाठी बांधले आहे याचे बंधन नोंदलेले असते, म्हणून अद्ययावतीकरणात क्यूटी आणि ही पॅकेजे बरोबरीने बदलतात. ऑप्टमध्ये परस्पर ठेवलेल्या वस्तूची डेबियनला खबरच नसते. ती जुनीच राहिली, आणि पासवर्ड दिल्यानंतर उघडणारा क्यूटीचा प्रत्येक प्रोग्रॅम तिला उचलायला जाऊन थांबत राहिला. एसडीडीएम बचावत होता, कारण ती स्क्रिप्ट चालण्यापूर्वीच त्याचे काम संपत होते.

प्रत्यक्ष दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. ती स्क्रिप्ट आणि ऑप्टमधील ते फोल्डर काढून टाकले, डेबियनच्या भांडारातून फायटिक्स आणि तिचा क्यूटीसाठीचा भाग घेतला, आणि संगणक पुन्हा सुरू केला. डेस्कटॉप माझ्या पूर्वीच्या पार्श्वचित्रासह, पूर्वीच्या पट्टीसह, जसाच्या तसा परत आला. स्क्रायबसमध्ये अर्धवट राहिलेले हस्तपत्रक उघडून त्यांनी मला तेथेच चार ओळी टंकित करून पाहायला लावल्या. क्षणभर माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्या हस्तपत्रकासाठी एक अख्खे मंडळ माझ्यावर विसंबून होते.

त्यांनी आणखी एक पर्याय सुचवला, जो मराठीत लिहिणाऱ्या लिनक्स वापरकर्त्यांनी लक्षात ठेवावा. इनस्क्रिप्ट किंवा मराठी कगप या कीबोर्ड मांडण्या प्रणालीतच असतात, त्यांना कोणतेही टंकन-प्लगइन लागत नाही, आणि म्हणून लायब्ररीच्या अदलाबदलीची त्यांना झळ लागत नाही. माझ्या बोटांना फोनेटिकची सवय झालेली असल्याने मी फायटिक्सवरच राहिले, परंतु कगप मांडणी अडचणीच्या वेळेसाठी बसवून ठेवली आहे.

दुकानाने आकारलेले पैसे असे: तपासणी आणि दुरुस्तीचे ९०० रुपये, डिस्कची प्रत काढण्याचे ३०० रुपये. आधीच्या ठिकाणी ग्राफिक्स कार्डासाठी जो अंदाज दिला होता त्याच्या तुलनेत ही रक्कम फारच थोडी आहे, पण मला ते महत्त्वाचे वाटत नाही. कार्ड बसवूनही संगणक पडतच राहिला असता. प्रणाली पुसून नवी टाकली असती तर तो चालू झाला असता हे खरे. मात्र कारण न कळल्यामुळे मी मराठी टंकनासाठी पुन्हा त्याच माणसाला बोलावले असते, त्याने पुन्हा तेच प्लगइन तसेच बांधून ठेवले असते, आणि पुढच्या बदलाला मी पुन्हा काळ्या पडद्यासमोर बसले असते. कारण शोधण्याच्या श्रमाचे पैसे मागणारे आणि त्या बदल्यात ते कारण खरोखर हातात ठेवणारे दुकान मला आजवर भेटले नव्हते.

उणिवा सांगणेही माझे कर्तव्य आहे. प्रत काढण्याचे ३०० रुपये वेगळे पडतील हे मला आधी सांगितले नव्हते. ते योग्यच होते, पण बिल हातात आल्यावर कळणे बरे नाही. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असते, हे आपल्याकडे रूढ असले तरी त्या वेळात फोनही कोणी उचलत नाही, आणि म्हार्दोळहून संगणक घेऊन आलेल्या माणसाला पायरीवर बसून राहावे लागते. रस्ता अरुंद असल्यामुळे गाडी दूर लावून यंत्र उचलून आणावे लागते, पावसात ते त्रासाचे होते. काय काय केले याचा लेखी कागद त्यांच्याकडून आपणहून मिळत नाही. मी मागितला तेव्हा मात्र त्यांनी तो मराठीत, सुवाच्य अक्षरात, तपासणीच्या क्रमासह लिहून दिला, आणि वरचा सगळा तपशील मी त्याच कागदावरून ताडून पाहिला आहे.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ आली. या वेळी मी स्वतः काही केले नाही. चवथ उरकल्यावर संगणक थेट या दुकानात नेला. डेबियन १३ मध्ये प्लाझ्मा ६ आहे आणि तो क्यूटी ६ वर चालतो, तर स्क्रायबसची १.६ मालिका अजून क्यूटी ५ वर आहे, त्यामुळे टंकनाचा भाग दोन्ही क्यूटींसाठी निरनिराळा घ्यावा लागतो, हे त्यांनी काम सुरू करण्यापूर्वीच सांगितले. ऑप्ट आणि परस्पर बसवलेल्या प्रोग्रॅमची इतर फोल्डरे त्यांनी आधी उघडून पाहिली, तेथे उरलेले एक जुने फाँट-साधन माझ्या संमतीने काढले, आणि मगच नवी आवृत्ती घातली. संध्याकाळी मी घरी परत येऊन कामाला लागले. डिस्कची प्रत काढण्याचे पैसे वेगळे पडतील हे या खेपेस त्यांनी संगणक उचलून आत नेण्यापूर्वीच सांगितले होते.